माझ्या गाण्याच्या भावी चोरास अनावृत पत्र

प्रति,
माझ्या गाण्याचे भावी चोर,
मु. पो. अद्याप अज्ञात.

विषय : एका स्वतंत्र गाण्याच्या कॉपीराइट नोंदणीची आगाऊ सूचना देण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

कॉपीराइटच्या २०१३ च्या नियमांत एक अट आहे. नोंदणीचा अर्ज करणाऱ्याने, त्या कृतीवर हक्क सांगणाऱ्या किंवा अर्जदाराच्या हक्काबद्दल वाद घालणाऱ्या प्रत्येकाला अर्जाची सूचना द्यायची असते. तुम्ही अजून हक्क सांगितलेला नाही, पण सांगाल याची मला खात्री आहे. गाणं चांगलं झालंय. तुमचा पत्ता ठाऊक नसल्यामुळे ही सूचना चव्हाट्यावर देतो आहे. अर्ज पोचल्यापासून तीस दिवसांत तुम्हाला हरकत घेता येते, आणि तेवढे दिवस रजिस्ट्रारसाहेबही थांबतात. चोराची इतकी अदबीने वाट पाहणारी दुसरी व्यवस्था निदान माझ्या पाहण्यात नाही.

आता मालाची ओळख. तुम्हाला ते एक गाणं वाटेल, पण कायद्याच्या लेखी ते तीन निराळे ऐवज आहेत. शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि स्टुडिओत झालेलं ध्वनिमुद्रण तिसरंच. शब्दांच्या नोंदणीचे पाचशे रुपये, चालीचे पाचशे, ध्वनिमुद्रणाचे दोन हजार. त्यामुळे तुम्ही नुसती चाल उचलून तिच्यावर उमेदवाराचं नाव आणि निशाणी बसवलीत (निवडणुकीत हा उद्योग तेजीत असतो), तर ती पाचशे रुपयांचीच चोरी समजायची की काय, या हिशेबात मी शिरत नाही.

काही गोष्टी मात्र खुशाल न्या. पहिला पाऊस आणि खिडकीतली ती, ही कल्पना मोकळी आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ सालीच सांगून ठेवलंय. गाण्याचं नावही घ्या. ‘देसी बॉईज’ चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात त्याच न्यायालयाने २०१५ मध्ये, नुसत्या नावाला कॉपीराइटचं संरक्षण नाही, असा निकाल दिला. यमन तर कोणाच्याच बापाचा नाही. दुसऱ्या कडव्याखाली वाजणारी ढोलकी मी विकत घेतलेल्या लूपमधली आहे. ती चोरायची असेल तर तिच्या मूळ मालकाशी तुमचं तुम्ही बघून घ्या.

नोंदणी केली नसती तर काय झालं असतं, असं तुम्ही विचाराल. हक्काच्या बाबतीत काहीच नाही. गाणं जन्मलं की कॉपीराइट जन्मतो. ‘नोंदणी नसेल तर दावा नाही’ असं म्हणणारा एक निकाल मुंबई उच्च न्यायालयात होता खरा, पण मार्च २०२१ मध्ये न्या. गौतम पटेल यांनी नोंदणी सक्तीची नसल्याचं स्वच्छ लिहिलं. तो वाद गाण्याचा नव्हता, सोयाबीन तेलाच्या पाकिटावरच्या लेबलाचा होता. गीतकारांचे उपकारकर्ते कुठून येतील, सांगता येत नाही. नोंदणीला सातबाऱ्यासारखं समजा : शेत त्याने राखलं जात नाही, पण भांडण कोर्टात गेलं की पहिला कागद तोच निघतो. ‘प्रथमदर्शनी पुरावा’ एवढीच त्याची ताकद, आणि तुमच्यासारख्यांशी गाठ असताना ती थोडी नव्हे.

आमच्या हितचिंतकांचा तोडगा याहून स्वस्त होता : गाणं कागदावर लिहून स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवायचं आणि पाकीट फोडायचं नाही. कायद्यात या पाकिटाला खास मान कुठेच नाही. त्यात २०२५ साली टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळून टाकलं, तेव्हा ती परंपराही आता जरा घाईत पाळावी लागेल.

तरी मी बऱ्या काळात जन्मलो. १९५७ च्या मूळ कायद्यात संगीतकृती म्हणजे छापलेली, लिहिलेली किंवा स्वरलिपीसारख्या खुणांनी उतरवलेली स्वररचना. ज्या शाहिराने आयुष्यभर चाली तोंडी बांधल्या, नोटेशनचा कागद कधी पाहिला नाही, त्याची चाल या व्याख्येत बसतच नव्हती. १९९४ च्या दुरुस्तीने ती अट गेली. त्याआधीच्या तुमच्या पूर्वजांना केवढं मोकळं रान होतं, याचा विचार करून मला तुमच्याबद्दल थोडं वाईटही वाटतं.

तरीही खरं सांगू? तुमची मला फारशी भीती नाही. भीती तुमच्या धंद्यातल्या वरिष्ठांची आहे. ते रात्री येत नाहीत. दुपारी बोलावतात, चहा पाजतात, गाण्याची तारीफ करतात आणि इंग्रजीतलं जाडजूड ॲग्रीमेंट पुढे सरकवतात. त्यात ‘कायमचे’, ‘जगभरातले’ आणि ‘सर्व माध्यमांतले’ हे शब्द इतक्या वेळा येतात की कवीलाही यमक सुचू नये. बदल्यात एकरकमी मानधन. ‘सगळे हेच करतात’ हे कागदावर नसतं, तोंडी असतं. सही आपली, पेनही आपलंच; तक्रार कोणाकडे करणार?

या वरिष्ठांपुढे नोंदणीचा कागद काही कामाचा नाही, कारण मालक मीच असल्याचं तेही आनंदाने मान्य करतात. मालक असल्याशिवाय मी देणार काय? तिथे उपयोगी पडते ती २०१२ ची दुरुस्ती, जिच्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. शब्द आणि चाल विकली तरी रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच तर वरिष्ठ दोन्ही रकाने न विसरता भरतात. गीतकार-संगीतकारांनी सही करण्याआधी आयपीआरएस या आपल्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व घेतलेलं वरिष्ठांना विशेष आवडत नाही, कारण सोसायटीला दिलेल्या हक्कांच्या विरोधात जाणारी नंतरची सही कायद्याने रद्दबातल ठरते. मी घेतलंय.

तुम्हाला घाई नसेल तर आणखी एक मार्ग आहे. मी गेल्यानंतर साठ वर्षं थांबा. शब्द आणि चाल दोन्ही फुकट. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ च्या दुरुस्तीने ती दहा वर्षांनी वाढवली गेली. माझ्यासाठी कोणी वाढवेल असं वाटत नाही. थांबवत नसेल तर कलम ६३ वाचून घ्या : सहा महिने ते तीन वर्षं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
अर्जदार (शब्द, चाल व ध्वनिमुद्रण)

ता. क. : घरात लग्न निघालं असेल तर चोरीच्या भानगडीत पडू नका. वरातीत आणि लग्नाच्या इतर समारंभांत गाणं वाजवणं कलम ५२ नुसार उल्लंघन ठरत नाही. हळदीला बिनधास्त लावा. पत्रिका मात्र पाठवा, म्हणजे तुमचा पत्ता तरी कळेल.