किती मारले?

परवा पवनीला एका टपरीवर आपण चहा पीत उभे होतो. सकाळची सफारी नुकतीच सुटली होती. बाकड्यावर दोन सद्गृहस्थ गरम आलूबोंड्याशी झटत होते. एकाने दुसऱ्याला विचारलं, "काहो, किती मारले आज?"

"फार नाही. तेवीसशे."

"वाघावर?"

"वाघ कुठला, मोरावर. वाघासाठी वेगळं कार्ड राखून ठेवलं होतं, तो आलाच नाही."

टपरीवाल्याच्या हातातली गाळणी जागच्या जागी थांबली. आपलाही घोट घशात अडकला. भर सकाळी, चारचौघांत, एका मोरावर तेवीसशे? आणि बोलणारा कोण, तर निवृत्त हेडमास्तर! कपाळाला गंध, खिशाला पेन आणि मांडीवर तान्ह्या बाळासारखी दुपट्यात गुंडाळलेली हातभर लांब नळी.

अहो, काय चाललंय काय आपल्या भंडारा जिल्ह्यात?

1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, शिकार बंद झाली, तेव्हा आपल्याला वाटलं होतं की सुटलो एकदाचे. पण सुंभ जळला तरी पीळ कुठे जातो? जरा यांची भाषा ऐका. हे 'शूट'ला जातात. 'शॉट' घेतात. हातातल्या डब्याला 'बॉडी' म्हणतात. बोट एकदा टेकवलं की 'बर्स्ट मारतात'. वाघ समोरून चालत आला तर 'हेड-ऑन मिळाला' म्हणून पेढे वाटतात आणि नुसती पाठ दाखवून गेला तर तीन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाहीत. आजोबांच्या काळी दिवाणखान्यात जिथे सांबराचं मुंडकं टांगलेलं असायचं, तिथेच आता चोवीस बाय छत्तीसचा वाघ टांगतात. काही घरांत तर खिळासुद्धा तोच आहे म्हणे!

या फोटोंच्या वेडाचं मूळ शोधायचं तर 'जय'पाशी जावं लागतं. नागझिऱ्याचा हा पठ्ठ्या, 'शोले'वरून नाव पडलेला, भावाचं नाव अर्थातच वीरू. 2013 मध्ये तो शेतं, नद्या, रस्ते ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात येऊन ठाण मांडून बसला आणि ज्या पवनीला लोक वैनगंगेसाठी नाहीतर जुन्या स्तूपांसाठी यायचे, तिथे हॉटेलवाले 'साईटिंग झाली का?' असं विचारू लागले. गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा होता त्याच्या. पट्टा कसला, मानाचा हारच! आणि 2016 च्या एप्रिलमध्ये हा अडीचशे किलोचा गडी त्या पट्ट्यासकट गडप झाला तो झालाच. उपग्रह आकाशात, अधिकारी जंगलात, आणि वाघ कुठेच नाही. यंत्रावर फार विसंबू नये हे त्यातून कुणी शिकलं असेल असं वाटतं तुम्हाला? छे! लोकांनी आणखी मोठी यंत्रं आणली.

आणि यंत्रं तरी केवढाली? सहाशे मिलिमीटरची एक बडी लेन्स वजनाला तीन किलोच्या वर आणि किमतीला बारा लाखांच्या पुढे. आपण धानवाली माणसं, आपण हिशेब धानात करतो. 2024-25 चा साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2300 रुपये. म्हणजे पाचशे वीस क्विंटलच्या वर धान घाला, तेव्हा एक नळी येते. अख्खं खळं गळ्यात अडकवून माणूस जिप्सीत चढतो आणि वर म्हणतो, "जपून हो, दगडावरून हळू घ्या."

ती नळी टेकवायला एक पिशवी लागते. तिला 'बीनबॅग' म्हणतात. मुंबई-पुण्याची मंडळी ती रिकामी आणतात, सामानाचं वजन नको म्हणून, आणि इथे येऊन भरतात. किराणा दुकानात जातात आणि पाच किलो तांदूळ मागतात. आपला दुकानदार भाबडा. विचारतो, "कोणता देऊ? जय श्रीराम देऊ का? मोकळा होते शिजल्यावर." पाहुणा म्हणतो, "कुठलाही चालेल हो, जरा गोल दाणा असेल तर बरं, लेन्स छान बसते." ऐकलंत? ज्या मातीत पाहुण्याला तांदळाची जात विचारून वाढतात, तिथे तांदूळ नळीच्या बुडाखाली! अन्नपूर्णेनं कुठे पाहावं?

पोशाखाचं तर विचारूच नका. अंगावर पानापानांचा शर्ट, डोक्यावर पानापानांची टोपी, लेन्सलाही पानापानांचं अंगडं. वाघाला दिसू नये म्हणून. बसलेत कशात? तर धूळ उडवत, गिअर खरडत येणाऱ्या उघड्या जिप्सीत, सोबत आणखी पाच पानंवाले, गाईड, ड्रायव्हर आणि चिवड्याचा पुडा. वाघ बिचारा काय समजत असेल? झुडपांची वरात निघालीय असं?

बरं, एवढं करून नेम तरी हे स्वतः धरतात का? तीच तर खरी मजा आहे. पूर्वी फोटो काढणाऱ्याला निदान फोकस करता यावा लागायचा. 2019 पासून कॅमेऱ्याला जनावराचा डोळा आपोआप ओळखता येऊ लागला. गवतातून कान दिसला की चौकट जाऊन डोळ्यावर बसते आणि बसूनच राहते. सेकंदाला वीस, तीस, काहींत तर एकशे वीस फोटो. आणि कळस ऐका: बटण दाबण्याच्या आधीचे फोटोसुद्धा हा कॅमेरा काढून ठेवतो! खंड्या पाण्यात सूर मारतो, तुम्ही दचकता, मग दाबता, आणि यंत्र म्हणतं, "काळजी नको साहेब, तुम्ही दचकण्याआधीच मी काढून ठेवला होता." वरातीमागून घोडं ऐकलं होतं, हे घोडं तर साखरपुड्यालाच हजर! 1927 साली एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने वाघांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. त्याच्या युक्तीत वाटेवरच्या तारेवर वाघाचा पाय पडायचा आणि कॅमेरा उडायचा, म्हणजे फोटो वाघच काढायचा. आता यंत्र काढतं. माणसाच्या वाट्याला तेव्हाही काही नव्हतं, आताही नाही, फक्त हप्ते आहेत.

आपलंच गाव येडं असं मात्र समजू नका. ज्या देशांत शिकारीचा परवाना मिळतो, तिथली मंडळी तर आपल्या हेडमास्तरांचे गुरू शोभतील. तिथे बंदुकीवरची दुर्बीणच हुशार झालीय. बटण दाबलं की लेझर जनावरावर जाऊन परत येतो, अंतर मोजतो, आतला गणक गोळी किती खाली पडणार ते काढतो आणि नेम कुठे धरायचा तो ठिपका भिंगातच उजळतो. ऑस्ट्रियाची स्वारोव्स्की कंपनी अशी दुर्बीण बंदुकीसाठी करते. त्याच कंपनीने 2024 मध्ये पाखरं बघणाऱ्यांसाठी एक द्विनेत्री आणली. ती पाखरू बघून त्याचं नाव सांगते. म्हणजे एक भिंग सांगतं कुठे मारायचं, दुसरं सांगतं कुणाला बघताय. घर एकच, दोन जावा!

त्या बंदुकीच्या भिंगाला सरसकट शिव्या घालाव्यात, तर तेही जमत नाही बरं का. गोळी काही सरळ रेषेत जात नाही. शंभर मीटरवर नेम बसवलेल्या साध्या रायफलची गोळी चारशे मीटरला जाईस्तोवर मीटरभराच्या आसपास खाली येते. आणि माणसाचा डोळा अंतराच्या बाबतीत पक्का खोटारडा. मध्ये दरी किंवा पाणी आलं की पलीकडचं जवळ भासतं. असा अंदाज चुकला की जनावर पोटात नाहीतर पायात गोळी घेऊन पळतं आणि कुठेतरी झिजून मरतं. भिंगाने तेवढी चूक टळत असेल तर ते पुण्यच म्हणायचं. पण माणूस तो माणूस. अंतर अचूक कळतंय म्हटल्यावर जो दीडशेवर थांबायचा तो पाचशेवरून उडवायला बघतो. लेझरला अंतर कळतं, पण वाटेत वारा कुठे कसा वळतोय ते माणसालाच ताडावं लागतं. लेझर मध्येच एखाद्या गवताच्या काडीला लागून परत आला तर काडीचं अंतर जनावराच्या नावावर चढतं. आणि गोळी पोचायला अर्धा सेकंद तरी लागतो, तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल पुढे टाकतं. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की तू यंत्रात नोंदला गेलास. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने तर मोठ्या जनावरांच्या शिकारीत बंदुकीवर असली इलेक्ट्रॉनिक हुशारी बसवायलाच मनाई केलीय. टेक्ससच्या ट्रॅकिंगपॉइंट नावाच्या कंपनीने 2013 च्या सुमारास याहून वरची बंदूक काढली. लक्ष्यावर खूण करायची, घोडा दाबून धरायचा, नेम जुळला की गोळी आपली आपण सुटते. किंमत वीस हजार डॉलरच्या वर. वाय-फायसकट! 2015 मध्ये दोन संशोधकांनी त्या वाय-फायमधून आत शिरून बंदुकीचा नेमच हलवून दाखवला. घ्या! बंदूक तुमच्या खांद्यावर, नेम शेजाऱ्याच्या हातात.

आता म्हणाल, आपल्याकडे हे कुणाच्या कामाचं? रानडुक्कर आणि रोही धान तुडवतात, त्यांना रीतसर परवानगी काढून मारता येईल असा राज्याचा निर्णय 2015 मध्ये झाला होता. पण दोन एकरवाल्या शेतकऱ्याने हे भिंग घ्यायचं म्हटलं तर आधी ते दोन एकर विकावे लागतील. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला! तो आपला मचाणीवर बसून डबा वाजवतो. आणि ज्याला खरंच वाईट काम करायचं असतं, त्याला ना भिंग लागतं ना बंदूक. विजेच्या लाइनवर आकडा टाकून तार जमिनीलगत पसरली की झालं. तिथे अंतर मोजायला लागत नाही, नेम धरायला लागत नाही, समोर डुक्कर आलं की वाघ आला हेही पाहायला लागत नाही. जयचा एक छावा, श्रीनिवास, 2017 मध्ये नागभीडकडे अशाच तारेने गेला. इथे मात्र आपली चेष्टा जरा घशात अडकते.

पण लेझरने अंतर मोजणारं यंत्र आपल्या जंगलात आहे बरं का! कुणाच्या हातात? वनरक्षकाच्या. दर चार वर्षांनी मोजणी असते तेव्हा तो ठरलेल्या सरळ वाटेने पायी चालतो. चितळं दिसली की किती, किती मीटरवर, कोणत्या कोनात, हे टिपतो, त्यावरून जंगलात वाघाला खायला किती आहे याचा हिशेब निघतो. पायात साधे बूट, हातात यंत्र, पाठीवर डबा. त्याच्या अंगावर पानापानांचं काही नसतं. आणि गंमत बघा, चितळं त्याला बघून फारशी पळतही नाहीत. पानंवाल्यांना बघूनच पळतात.

2024 च्या 31 डिसेंबरला काय झालं ते तर सगळ्या जगाने पाहिलं. याच उमरेड-कऱ्हांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात एफ-2 वाघीण पाच छाव्यांसह रस्त्यावर आली आणि दोन्ही बाजूंनी जिप्स्या. पुढे नळ्या, मागे नळ्या, मध्ये बाळंतीण. बारशाला आलेले पाहुणेसुद्धा पाळण्यापासून हातभर लांब उभे राहतात हो! उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून दखल घेतली, ड्रायव्हर-गाईडवर कारवाई झाली. नळीवाल्यांचं काय झालं? त्यांना 'लाइक' मिळाले. आणि सहाशे मिलिमीटर घेतलीच कशाला होती? लांबून दिसावं म्हणूनच ना? मग "भाऊ, अजून थोडी पुढे घे ना" हे ड्रायव्हरच्या कानात कोण कुजबुजत होतं?

सफारीत मोबाइल नेऊ नका म्हणावं, तर त्याची तऱ्हा आणखी न्यारी. ताडोब्यात 2018 पासून ती बंदी आहे. त्याने वेड कमी झालं म्हणता? ज्यांचं मोबाइलवर भागत होतं, तेही कॅमेऱ्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. आपल्या ओळखीच्या एका वहिनींनी नवऱ्याच्या लेन्सपायी दोन दिवाळ्या अबोला धरला. तिसऱ्या दिवाळीला कोक्याच्या जंगलात सोबत म्हणून गेल्या, नवऱ्याची जुनी बॉडी हातात घेऊन. समोर बिबट्या आला, नवऱ्याचं कार्ड भरलेलं, वहिनींचं रिकामं. आता त्या घरी भांडण होतं ते सहाशेची नळी आज कुणाकडे यावरून.

तुम्ही हसताय? तुमच्या कपाटात काय आहे ते माहीत आहे आम्हाला. हिवाळी कोटाच्या मागे, 'ऑफिसची बॅग' म्हणून ठेवलेली. आणि आपल्यातल्याच एकाची गोष्ट सांगायची तर (नाव विचारू नका, हे लिहिणाराच तो), त्याने गेल्या रविवारी एका वाघाच्या पाठीचे अकराशे फोटो काढले, सगळ्यांत शेपूट अतिशय स्पष्ट आहे. घरी येऊन गुपचूप पिशवी सोडली आणि तांदूळ डब्यात परत ओतला. संध्याकाळी आईने खिचडीसाठी डब्यात वाटी घातली, नाकाशी नेली आणि विचारलं, "हा तांदूळ कुठून आणला रे? पेट्रोलचा वास येतोय."

"असं? मग राहू दे तो," तो म्हणाला. "वेगळा काढून ठेव. रविवारी लागेल."