कारण विचारू नये. हुकुमावरून.

अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलकडे दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याला सेकंडरीत, म्हणजे शाळेने वेगळ्या मागवलेल्या निबंधांच्या गठ्ठ्यात, एक प्रश्न बहुतेक ठिकाणी भेटतोच: मागच्या अर्जानंतर आपण स्वतःत काय सुधारणा केलीत? प्रश्नात खोट काढायला जागा नाही. उद्याच्या डॉक्टरला स्वतःच्या चुका कळायलाच हव्यात. अडचण एवढीच की मागच्या अर्जात चूक कुठली होती, हे त्याच शाळेला विचारायला गेलं तर शाळा कानावर हात ठेवते. आजार काय ते आम्ही सांगणार नाही. उपचार काय घेतलेत ते मात्र सविस्तर लिहा.

नकाराचं पत्र अतिशय गोड असतं. यंदा अर्ज विक्रमी आले. अर्जदार विलक्षण गुणवान होते. निवड करताना समितीला फार जड गेलं. पुढील वाटचालीस शुभेच्छा. दर वर्षीचे अर्जदार आदल्या वर्षीपेक्षा विलक्षण असतात, त्यामुळे आणखी पंधरावीस वर्षांत तिथे फक्त नोबेलविजेतेच अर्ज करत असणार. आपल्याकडे स्थळ नाकारताना ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणायची सोय आहे. पत्रिका कुणी उघडलेलीही नसते, हे दोन्ही घरांना ठाऊक असतं. पण निदान खापर फोडायला गुरुजी तरी असतात. शिवाय पाहायला आलेल्यांनी पोहे खाऊन वर शंभर डॉलर मागितल्याचं ऐकिवात नाही.

मेडिकल स्कूल मागतात. ॲमकास नावाच्या सामायिक अर्जाला पहिल्या शाळेसाठी १७५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक शाळेसाठी पंचेचाळीसच्या वर. मग सेकंडरीचे शाळागणिक शंभरच्या आसपास. अर्जदार सरासरी दीड डझन शाळांचे दरवाजे ठोठावतो, म्हणजे एमकॅट या प्रवेशपरीक्षेची फी न धरताही अडीच हजार डॉलरच्या आसपास चुराडा. दर वर्षी साधारण ५२ हजार जण अर्ज करतात आणि २३ हजारांच्या आसपास आत जातात. निम्म्याहून अधिक लोक पैसे भरून हात हलवत परत. त्यातले बरेच पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत. त्यांना मग तोच प्रश्न: काय सुधारणा केलीत?

यात सर्वात गोंधळलेला प्राणी म्हणजे एडिसन किंवा फ्रीमाँटमध्ये स्थायिक झालेला मराठी बाप. तो जी.एस., ग्रँट नाहीतर बी.जे.ची यादी भिंतीवर लागायची त्या जगातून आला. तिथे एका मार्काने हुकलेला मुलगा आयुष्यभर तो एक मार्क सांगत फिरायचा, पण त्याच्याकडे सांगायला तेवढा आकडा तरी असायचा. इथे मुलीला एमकॅटला ५२८ पैकी ५१५ आहेत. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ५१२ च्या आसपास असते. तरी सगळीकडून नकार.

“किती मार्कांनी हुकलं?”

“मार्कांनी नाही हुकलं, बाबा. ते होलिस्टिक असतं, मार्कांपलीकडचं सगळंच पाहतात.”

“बरं. पण होलिस्टिकमध्ये किती कमी पडले?”

बाबांचं चुकलंय असं मला वाटत नाही. आपली नीट हा काही गोंडस प्रकार नव्हे. २०२४ साली ७२० पैकी ७२० मिळवणारे आधी ६७ निघाले आणि फेरनिकालात १७ उरले, हे देशाने पाहिलं. पण तिथेही उत्तरसूची जाहीर होते, ओएमआर पाहायला मिळतं, प्रश्नामागे २०० रुपये भरून हरकत घेता येते. स्वतःची उत्तरपत्रिका पाहायचा परीक्षार्थीचा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला. ज्या व्यवस्थेला आपण ऊठसूट शिव्या घालतो, ती निदान आकडा तोंडावर फेकते.

अमेरिकन शाळा गप्प का? अधिकृत कारण मनुष्यबळाचं. ते अगदीच खोटं नाही. जॉर्जटाउनसारख्या शाळेकडे जागा दोनशे आणि अर्ज दहा हजारांहून जास्त. प्रत्येकाला फोन करायचा तर रुग्ण कोणी पाहायचे? अर्थात यातल्या निम्म्या जरी सेकंडऱ्या धरल्या, तरी शंभराच्या हिशेबाने पाच लाख डॉलर होतात. तेवढ्यात ‘तुझी मुलाखत कमी पडली’ एवढी एक ओळ टाइप करणारा कारकून ठेवता यावा.

खरं कारण वकील. आणि वकिलांच्या भीतीला इतिहास आहे. १९७३ साली ॲलन बाकी नावाच्या नासाच्या एका इंजिनिअरने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल स्कूलकडे अर्ज केला. वय ३३. पूर्वी मरीन्समध्ये अधिकारी, व्हिएतनाम पाहून आलेला. जागा शंभर, अर्ज २,४६४. मुलाखतीसह एकूण मूल्यमापनात त्याला ५०० पैकी ४६८ मिळाले आणि तो बाहेर राहिला. गडी स्वस्थ बसला नाही. प्रवेश समितीचे अध्यक्ष डॉ. जॉर्ज लॉरी यांना त्याने खरमरीत पत्र लिहिलं, की शंभरातल्या १६ जागा अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या ठेवता, हा कोटा झाला. प्रवेश कार्यालयातल्या पीटर स्टोरँट नावाच्या अधिकाऱ्याने त्याला सहानुभूतीने उत्तर दिलं, भेट दिली, पुन्हा अर्ज कर म्हणून सुचवलं, आणि अशाच एका चालू दाव्याची माहितीही पुरवली. नाकारलेल्या अर्जदाराला इतका दिलखुलास फीडबॅक त्यानंतर कुठल्या मेडिकल स्कूलने दिला असेल, असं वाटत नाही.

बाकीने १९७४ मध्ये पुन्हा अर्ज केला. या वेळी मुलाखत घ्यायला समोर कोण? ज्यांच्याविरुद्ध नाही, पण ज्यांना उद्देशून ते पत्र होतं, तेच डॉ. लॉरी. पुढे अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात न्यायमूर्ती पॉवेल याला योगायोग म्हणतात. न्यायमूर्तींचा स्वभाव चांगला असावा. विद्यार्थी-मुलाखतकाराने बाकीला ९४ दिले होते. लॉरींनी ८६ दिले, सहा परीक्षकांत सगळ्यांत कमी. हा उमेदवार विचारांनी जरा संकुचित आहे आणि त्याची मतं फार ठाम आहेत, असा त्यांचा शेरा. एकूण ६०० पैकी ५४९. पुन्हा नकार. मग कोर्ट. २८ जून १९७८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी १६ जागांचा कोटा रद्द झाला आणि बाकीला प्रवेश द्यावा लागला. तो १९८२ मध्ये डॉक्टर झाला, मेयो क्लिनिकमध्ये प्रशिक्षण घेऊन भूलतज्ज्ञ झाला.

कोट्याचा वाद आपण इथे बाजूला ठेवू. आरक्षणावर बोलायला आपल्याकडे माणसांची टंचाई नाही. प्रवेश कार्यालयांनी यातून घेतलेला धडा सोपा असणार: एकाने तोंड उघडलं आणि प्रकरण वॉशिंग्टनला गेलं, तेव्हा आळीमिळी गुपचिळी. त्याच भानगडीमुळे आज ४६८, ५४९ आणि ८६ हे आकडे छापील निकालपत्रात वाचता येतात. हार्वर्ड कॉलेजचंही तेच. तिथे आशियाई अर्जदारांना ‘व्यक्तिमत्त्वा’चे गुण सरासरीने कमी पडत होते, हे २०१८ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा जगासमोर आलं, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. म्हणजे सविस्तर अभिप्राय मिळतो. फक्त फी जरा जास्त आणि निकालाला काही वर्षं लागतात.

कायदा काही मदत करतो का? जरूर करतो, आणि इथे खरी गंमत आहे. फर्पा नावाचा १९७४ चा कायदा विद्यार्थ्याला स्वतःच्या शैक्षणिक नोंदी पाहायचा हक्क देतो. पण विद्यार्थी कोण, तर ज्याला प्रवेश मिळून जो वर्गात बसला तो. ज्याला आत घेतलं, त्याला का घेतलं ते विचारता येतं. ज्याला हाकललं, त्याला का हाकललं ते विचारता येत नाही. २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी या हक्काचा वापर करून आपापल्या प्रवेशाचे शेरे मागवायला सुरुवात केली. त्यावर काही संस्थांनी शोधलेला उपाय असा: शेरेच नष्ट करायचे. येल लॉ स्कूलने तसं केलं. ज्या संस्था अर्जात प्रामाणिकपणावर निबंध मागतात, त्यांनी कागद फाडायचं यंत्र चालवावं, याला माझ्याकडे कौतुकाचे शब्द नाहीत.

ब्रिटनमध्ये बरं आहे. तिथे मेडिकलला जास्तीत जास्त चार ठिकाणी अर्ज करता येतो, अंतिम तारीख १५ ऑक्टोबर, आणि नकार आला तर माहिती-संरक्षण कायद्याखाली स्वतःबद्दलच्या नोंदी मागता येतात. फुकट. सहसा महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. गोपनीय शिफारसपत्र मिळत नाही, परीक्षेचा पेपर मिळत नाही, पण मुलाखतीचे गुण आणि शेरे मिळू शकतात. बरीच विद्यापीठं कटऑफ आपण होऊन सांगतात. ब्रिटिश वैद्यकशिक्षण त्यामुळे कोसळल्याची बातमी अजून आलेली नाही.

अमेरिकेतल्या शांततेत एक धंदा मात्र छान फोफावला. सल्लागार. ‘प्रवेश समितीचे माजी सदस्य’ ही त्यांच्या जाहिरातीतली ठळक ओळ. खुर्चीत असताना ज्या माणसाला पाच मिनिटं नव्हती, तोच खुर्ची सोडल्यावर तासाच्या दराने अर्जातली खोट दाखवतो. पूर्ण पॅकेजचे हजारो डॉलर. गोपनीयता अचानक कुठे जाते, ते विचारू नये.

आणि ज्या थोड्या शाळा बोलतात त्या काय सांगतात? रुग्णालयातले तास वाढवा. निबंधात स्वतःला अधिक उघड करा. लवकर अर्ज करा. जास्त शाळांना अर्ज करा. हे सगळं कुठल्याही अर्जदाराला, अर्ज न उघडताही सांगता येतं.

मला वाटतं शाळा कारण लपवतात, हा आपला भ्रम आहे. बऱ्याचदा लपवायला कारणच नसतं. टेक्सस विद्यापीठाच्या ह्यूस्टनच्या मेडिकल स्कूलने १९७९ मध्ये नेहमीप्रमाणे मुलाखती घेऊन, क्रमवारी लावून १५० जण निवडले. मग राज्याच्या विधिमंडळाने आणखी ५० घ्यायला लावले. क्रमवारीतली वरची मुलं एव्हाना इतरत्र गेली होती, तेव्हा यादीच्या तळाशी गेलेल्यांतून, आधी नाकारलेल्यांतून पन्नास उचलले. यातल्या बहुतेकांना इतर कुठल्याच शाळेने घेतलं नव्हतं. पुढे या दोन गटांची तुलना झाली आणि १९८७ मध्ये जामा या नियतकालिकात छापून आली. अभ्यासात, रुग्णांबरोबरच्या कामात, शिक्षण सोडून जाण्यात, कशातच फरक सापडला नाही. या पन्नास जणांनी नकारानंतर शाळेला फोन केला असता तर त्यांना काय सांगितलं असतं? काहीतरी सांगितलंच असतं. रुग्णालयातले तास वाढवा.

म्हणून माझी या शाळांना एक विनंती आहे. लांबलचक फीडबॅक देऊ नका, वकील रागावतील. नकाराच्या पत्रात फक्त दोन पर्याय छापा आणि त्यातल्या एकावर खूण करा. ‘तुमच्यात अमुक कमी होतं’, किंवा ‘तुमच्यात काही कमी नव्हतं, खुर्च्या संपल्या’. दुसऱ्या पर्यायावर खूण आलेली मुलगी आणखी एक वर्ष स्वतःत नसलेला दोष शोधत बसणार नाही. फार तर शाळेला तिच्या दुसऱ्या अर्जाची फी मिळणार नाही.

तोवर, ज्यांच्या घरात असं पत्र आलं आहे त्यांच्यासाठी. जिने मुलाखतीला बोलावलं होतं त्याच शाळेला विचारा. अर्ज न वाचताच बाजूला टाकणाऱ्या शाळेकडे सांगायला काही नसतं. राज्य सरकारच्या शाळा आपल्या राज्यातल्या अर्जदाराशी बोलायची शक्यता जरा जास्त. फोन मुलाने किंवा मुलीने करावा, बाबांनी नव्हे. ‘का नाकारलंत’ असं विचारू नये, ‘पुढच्या वेळी आधी काय बदलू’ असं विचारावं, आणि ऐकलेल्या उत्तरावर वाद घालू नये. वेळही पाहावी. ॲमकासचा नवा अर्ज मेमध्ये उघडतो आणि वेटलिस्ट वर्ग सुरू होईपर्यंत हलत असते, त्यामुळे वेटलिस्टवरच्या उमेदवाराला यंदाचा नकार हाती पडण्याआधीच पुढच्या वर्षीचा अर्ज भरावा लागतो. आधीची फी त्यात वळती होत नाही.