रिलीजकाका

रिलीजकाकांच्या तोंडी ‘आम्ही’ आलं, की ते कोणतं ‘आम्ही’ हे आधी ओळखावं लागतं. ‘आम्ही रविवारी पानशेतला जाणार’ यातले आम्ही म्हणजे काका आणि काकू. ‘आम्ही टाकी धुऊन घेतली’ यातले आम्ही म्हणजे कोथरूडमधली त्यांची सोसायटी. आणि ‘आम्ही बत्तीस बिट सोडलं’ किंवा ‘आम्ही दहा वर्षं नाव टाकलं, पण अट मान्य केली नाही’ असं ते छाती पुढे काढून म्हणाले, तर ते आम्ही म्हणजे डेबियन. लिनक्सच्या घराण्यातली ही १९९३ सालची जुनी शाखा. जगभरचे हजारेक डेव्हलपर, बहुतेक जण पदरमोड करून आणि झोपमोड करून, ती चालवतात. त्या हजारांत काका नाहीत. काकांनी जन्मात प्रोग्रॅमची एक ओळ लिहिलेली नाही. एका सरकारी खात्याच्या लेखा शाखेतून ते निवृत्त झाले, आणि ज्या संस्थेने त्यांना कधी नेमलंच नव्हतं तिथे दुसऱ्या दिवसापासून रुजू झाले.

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रत्येक मोठ्या प्रकल्पाभोवती असा एक माणूस असतोच. लिहिणारे कोड लिहितात, वापरणारे वापरतात, हा खबर ठेवतो. कोणी राजीनामा दिला, कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणतं पॅकेज अनाथ झालं आणि ते कोणी दत्तक घेतलं, हे त्याला घरबसल्या ठाऊक असतं. (अनाथ आणि दत्तक ही काकांची अलंकारिक भाषा नव्हे. सांभाळणारा सोडून गेला की डेबियनच्या दफ्तरी पॅकेजची नोंद खरोखरच अनाथ म्हणून होते.) लग्नघरी स्वयंपाकाकडे न फिरकताही वरण अळणी झालंय हे ज्याला सगळ्यांत आधी कळतं, तो हा माणूस.

९ ऑगस्ट २०२५ ला डेबियनची तेरावी आवृत्ती आली. त्या दिवशी रक्षाबंधन होतं. काकांनी नारळीभात फोनकडे बघत खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन ते जिना चढायला लागले. दार उघडलं की एकच वाक्य : ‘आमचं ट्रिक्सी आलं!’

तळमजल्यावरच्या आजींनी विचारलं, ‘मुलीकडे की मुलाकडे?’ दुसऱ्या मजल्यावर चेहरे पडले. ‘पाळा हो, हरकत नाही,’ सेक्रेटरी म्हणाले, ‘पण लिफ्टमधून नेऊ नका. आणि इंजेक्शनांचं कार्ड ऑफिसात जमा करा.’

मग काकांनी प्रत्येक मजल्यावर उभ्याउभ्या खुलासा केला. ट्रिक्सी ही टॉय स्टोरी सिनेमांतली निळी डायनोसॉर. सुरुवातीच्या काळात डेबियनची धुरा काही काळ ब्रूस पेरेन्स यांच्याकडे होती, ते तेव्हा पिक्सार कंपनीत नोकरीला होते, म्हणून १९९६ च्या ‘बझ’पासून प्रत्येक आवृत्तीला त्या सिनेमांतल्या पात्राचं नाव. आणि जी कच्ची आवृत्ती कायम बदलत असते, जिच्यात रोज काहीतरी मोडतं, तिचं नाव मात्र कायम ‘सिड’, कारण सिनेमात खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा सिड. एवढं ऐकून होईपर्यंत पेढा संपलेला असे. दुसरा मागणं बरं दिसत नाही, म्हणून लोक दार लावून घेत.

मार्च-एप्रिलमध्ये मात्र काकांकडे जाऊच नये. तेव्हा डेबियनच्या प्रोजेक्ट लीडरची वार्षिक निवडणूक असते. मत फक्त डेव्हलपरांना, म्हणजे काकांना नाही. तरी उमेदवारांचे जाहीरनामे ते पाठकोऱ्या कागदांवर छापून घेतात आणि ऑडिटच्या जुन्या सवयीने समासात लाल खुणा करतात. मतमोजणीची पद्धत कॉन्डॉर्से. मतदाराने सगळ्या उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा आणि मग प्रत्येकाची प्रत्येकाशी जोडीजोडीने तुलना. ही पद्धत काकांनी सोसायटीच्या निवडणुकीत आणायचा घाट घातला होता. उमेदवार एकच होता.

‘आपल्याकडे नोटा आला २०१३ साली,’ काका सांगतात, ‘आणि लोकसभा-विधानसभेला तो नुसता शोभेचा. नोटाला कितीही मतं पडोत, उमेदवार निवडून येतोच. आमच्यात त्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्याला दात आहेत. ‘यांपैकी कोणी नाही’ या पर्यायाशी हरलात की घरी!’

२०१९ साली अर्ज भरायची मुदत संपली आणि एकही अर्ज आला नाही. मुदत वाढवावी लागली. तो आठवडा काकू अजून विसरलेल्या नाहीत. काका पहाटे उठून अंधारात बसून राहायचे. ‘अगं, नेतृत्वच नाही,’ म्हणायचे. शेवटी काकू म्हणाल्या, ‘मग तुम्हीच उभे राहा.’

‘घटनेत बसत नाही,’ काका म्हणाले. अगदी गंभीरपणे. त्यांनी ती शक्यता तपासून पाहिली होती असा काकूंचा संशय आहे. वाढीव मुदतीत अर्ज आले, सॅम हार्टमन निवडून आले, आणि घरात वेळेवर चहा व्हायला लागला.

२०१४ चं नाव काढलं तर काका हातातला कप खाली ठेवतात. संगणक सुरू होताना सगळ्यांत आधी जो प्रोग्रॅम उठतो आणि बाकीच्यांना उठवतो, तो कोणता असावा एवढाच प्रश्न होता. जुनंच चालू ठेवायचं, उबुंटूवाल्यांचं अपस्टार्ट घ्यायचं, की नवं सिस्टमडी? बाहेरच्या माणसाला यात भांडण्यासारखं काय आहे हे कळणार नाही. आतल्या माणसाला यात न भांडण्यासारखं काय आहे हे कळत नव्हतं. टेक्निकल कमिटीत आठ माणसं, फेब्रुवारीत मतं पडली चार-चार. अध्यक्ष ब्डेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. ज्याने कमिटीत आठ माणसं नेमण्याची घटना लिहिली त्याने कधी सोसायटी चालवलेली नसणार, हे माझं मत मी काकांना अजून सांगितलेलं नाही.

धुसफूस चालूच राहिली. नोव्हेंबरात सगळ्या डेव्हलपरांचं मतदान झालं आणि मतपत्रिकेवरचा जो पर्याय जिंकला तो असा : या विषयावर ठरावाची गरज नाही. म्हणजे ठरावाची गरज नाही हे ठरावासाठीच्या मतदानातून ठरलं! ‘एकतीस वर्षं सरकारात काढली,’ काका म्हणतात, ‘पण असा निकाल आमच्या खात्यालासुद्धा जमला नाही.’ त्यांच्या आवाजात तेव्हा निखळ कौतुक असतं.

त्याच महिन्यात कमिटीतल्या तिघांनी पद सोडलं आणि जुन्या पद्धतीच्या लोकांनी वेगळी चूल मांडली, तिचं नाव डेवुआन. काका या चुलत घराण्याबद्दल कधी वावगं बोलत नाहीत. ‘वेगळे झाले, पण धान्य अजून आमच्याच कोठीतलं जातं,’ म्हणतात, आणि ते खरंच आहे. डेवुआनची बहुतेक पॅकेजेस डेबियनमधूनच जशीच्या तशी घेतलेली असतात. डेवुआनची नवी आवृत्ती आली की काका मनापासून ‘बरं झालं’ म्हणतात. सांगलीतल्या सख्ख्या भावाशी मात्र अर्ध्या एकरावरून त्यांचं बोलणं बंद आहे.

राजीनामा वाचण्यात काकांचा हात कोणी धरणार नाही. ‘नव्यांना संधी मिळावी म्हणून’ असं लिहिलं असेल तर माणूस वैतागलाय. ‘नोकरीतल्या जबाबदाऱ्यांमुळे’ असेल तर फार वैतागलाय. कारणच दिलं नसेल तर तो खरोखर थकलाय, त्याला फोन करायला हवा. दुसऱ्यांच्या घरचे राजीनामेही ते वाचतात. जुलै २०१८ मध्ये पायथन भाषेचे जनक खिदो फान रॉसम यांनी निर्णयाचे सगळे अधिकार सोडले, तेव्हा काका दोन दिवस अस्वस्थ होते. भांडण होतं भाषेत एक नवं चिन्ह घ्यावं की नाही यावरून. ‘दोन टिंबं आणि एक बरोबर!’ काका बोटाने हवेत काढून दाखवत. ‘एवढ्यासाठी माणूस गेला. आणि वारस नेमला नाही.’ पुढे तिथल्या लोकांनी पाच जणांचं मंडळ निवडलं आणि कारभार सुरळीत चालला, हे त्यांना थोडं खटकलंच असावं.

‘नाव टाकलं’ ती हकिगत २००६ ची. मोझिलाचं म्हणणं होतं, की फायरफॉक्स हे नाव वापरायचं तर आमचं बोधचिन्हही वापरा आणि केलेले बदल आम्हाला दाखवून घ्या. ते चिन्ह मुक्त परवान्यात बसत नव्हतं. डेबियनने नावच काढून टाकलं आणि तोच ब्राउझर आइसवीझल म्हणून दिला, तो थेट २०१६ पर्यंत. ती दहा वर्षं काकांनी फायरफॉक्स हा शब्द उच्चारला नाही. बँकेच्या मदत केंद्रातल्या मुलीने फोनवर ‘फायरफॉक्स उघडा, सर’ म्हटलं, की ‘ते आमच्यात चालत नाही’ म्हणायचे. पलीकडे काही क्षण शांतता पसरायची. तिला वाटत असणार, उपास वगैरे असेल.

सप्टेंबर २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद, डेबकॉन्फ, पहिल्यांदा भारतात भरली, कोचीला. काका गेले. न जाऊन सांगतील कुणाला? त्या परिषदेत चीज आणि वाइनची एक रात्र असते; जो तो आपल्या गावचं खाणं आणतो. काकांनी बाकरवडी नेली आणि जगाच्या पाठीवरच्या लोकांना ती चीजशिवाय खायला लावली. पण मुख्य काम वेगळं होतं. डेबियनच्या मंडळींत ओळख म्हणजे तुमची डिजिटल किल्ली. समोरासमोर भेटून, सरकारी ओळखपत्र पाहून दुसऱ्याने तिच्यावर आपल्या किल्लीने सही करायची. काकांनी यासाठी किल्ली तयार करून ठेवली होती. तिने उघडायला कुलूप नव्हतं, ती गोष्ट वेगळी. एका उंच गोऱ्या डेव्हलपरने काकांचं आधार कार्ड बघितलं, काकांकडे बघितलं, पुन्हा कार्डाकडे बघितलं आणि नम्रपणे मान हलवली. पासपोर्टवर काम झालं.

‘पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो,’ काका परत आल्यावर म्हणाले, ‘मी जिवंत आहे म्हणून. आमच्यात एकदाच, आणि तेही मी मीच आहे एवढ्यापुरतं.’ मला ते पटलं.

आता त्या बत्तीस बिटांचं. ट्रिक्सीमध्ये जुन्या बत्तीस बिटी पीसींसाठी ना इन्स्टॉलर आहे, ना कर्नल. काकांचा लॅपटॉप त्यांच्या मुलाने कॉलेजात असताना घेतलेला, बत्तीस बिटी. ज्याचे पेढे वाटले ते ट्रिक्सी त्यांच्या स्वतःच्या यंत्रावर चढतच नाही. मी विचारलं, ‘मग तुमचं काय, काका?’

‘माझं काय? आधीचं बुकवर्म आहे की. निर्णय बरोबरच आहे. त्या खटाऱ्यांवर चाचण्या कोण घेणार? माणसं कुठायत आमच्याकडे?’ ज्या निर्णयाने स्वतःचाच लॅपटॉप बाद झाला, त्याची इतकी बिनतक्रार वकिली मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेली नाही.

डेबियनच्या पक्क्या आवृत्तीतलं सगळं जुनं असतं, अशी थट्टा जगभर चालते. तिला काकांनी दिलेलं उत्तर म्हणजे मार्च २०२४ चा शेवट. एक्सझेड नावाच्या, फायली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. दोनेक वर्षं मदतनीस म्हणून वावरून, विश्वास कमावून बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला सिडवर काम करताना दूरच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने खणून काढलं आणि सगळं उघडं पडलं. पक्क्या आवृत्तीत एक्सझेड जुनं असल्यामुळे तिथे हा प्रकार पोचलाच नव्हता. ‘शिळं खात होतो म्हणून वाचलो,’ काका सांगत सुटले.

पण चार दिवसांनी त्यांचा सूर बदलला. ते साधन वर्षानुवर्षं जवळजवळ एकच माणूस सांभाळत होता, आपली तब्येत आणि दमणूक त्याने उघड सांगितली होती, आणि लोक त्याला ‘काम एवढं रखडलंय का’ म्हणून टोचत होते, हे काकांनी मुळातून वाचलं. ‘सगळ्यांनी उशीर का होतोय विचारलं,’ म्हणाले, ‘जेवलास का, हे एकाने विचारलं नाही.’

डेबियनमध्ये रिपोर्टबग नावाचा, बिघाडांच्या तक्रारी नोंदवायचा प्रोग्रॅम आहे. त्याला ‘कुडोस’ असा एक पर्याय जोडला, की तक्रारीऐवजी त्या पॅकेजच्या सांभाळणाऱ्याला नुसतं आभाराचं पत्र जातं. काका तेव्हापासून दर रविवारी सकाळी अंघोळ करून असं एक पत्र पाठवतात. पॅकेजेस सत्तर हजारांच्या घरात आहेत, म्हणून त्यांनी इंग्रजी अक्षरक्रम धरलाय. कधीकधी उत्तर येतं. एकाने घाबरून विचारलं होतं, की पत्र मिळालं, पण नेमकं बिघडलंय काय?

काका अजून ‘ए’वरच आहेत. तुमच्या संगणकावर डेबियन असेल, तर ‘बी’पासून पुढची सगळी अक्षरं मोकळी आहेत. आपसात वाटून घ्या.