पाळण्यातले पाय

शुक्रवारी सामन्यानंतर आतषबाजी असते, म्हणून गर्दी होते. रविवारी खेळ संपल्यावर पोराटोरांना बेसवरून पळू देतात, म्हणून आईबाप येतात. मंगळवारी काही म्हणजे काही नसतं. नुसता बेसबॉल असतो. न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरच्या मैदानावर, एप्रिलच्या बोचऱ्या थंडीत, होम प्लेटच्या बरोब्बर मागे, मांडीवर वही आणि गळ्यात स्टॉपवॉच अशा थाटात जो मंगळवारी बसलेला दिसेल, तो प्रॉस्पेक्टवाला समजावा. प्रॉस्पेक्ट म्हणजे होतकरू पोरगा, आणि प्रॉस्पेक्टवाला म्हणजे त्याचे पाळण्यातले पाय बघायला तिकीट काढून आलेला माणूस.

अमेरिकेत मेजर लीगचे संघ 30. प्रत्येकाच्या हाताखाली चार-चार, असे मायनर लीगचे 120. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए अशा पायऱ्या चढत पोरं वर जातात, किंवा मधल्याच पायरीवरून घरी जातात. ब्रिजवॉटरचा सॉमरसेट पेट्रियट्स हा 2021 पासून न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए संघ. इथून यांकी स्टेडियम गाडीने तास-दीड तासावर. पण मैदानातल्या पोरांना तेवढं अंतर कापायला काही वर्षं लागतात, आणि बऱ्याच जणांना ते जन्मात जमत नाही. कोणाला जमेल हे आधी ओळखणं, हा प्रॉस्पेक्टवाल्याचा बिनपगारी धंदा.

या जमातीत निवृत्त मास्तर असतात, विमा एजंट असतात, टपाल खात्यातले असतात. आमच्या वाट्याला आलेले काका मूळचे दादरचे. ऐन पावसाळ्यात छत्री धरून कांगा लीग बघणारे. चिखलात कुणाचा पाय कसा पडतो यावरून पोरगा रणजी खेळणार की बँकेत चिकटणार, हे ते टॉसच्या वेळीच सांगून मोकळे व्हायचे. नोकरीनिमित्त न्यू जर्सीत आले, चेंडू बदलला, खोड तशीच राहिली. मोठ्या यांकीजची मॅच टीव्हीवर लागली की ते पेपर वाचतात. “ही काय, झालेली माणसं,” म्हणतात.

काकांसोबत सामना बघणं ही वेगळीच तऱ्हा. सातव्या इनिंगला मी कॉफी घेऊन परतलो आणि सहज विचारलं, “काका, कोण जिंकतंय?”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “बोर्डावर असेल बघ. मी शॉर्टस्टॉप बघतोय.”

तेवढ्यात त्याच शॉर्टस्टॉपची, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे उभ्या राहणाऱ्या पोराची, बॅटिंग आली. त्याने एक मरतुकडा चेंडू दुसऱ्या बेसकडे ढकलला. तो आउट होणार हे हॉटडॉग विकणाऱ्यालाही कळलं होतं. पण बॅटचा आवाज होताच काकांचा अंगठा स्टॉपवॉचवर पडला आणि पोराचा पाय पहिल्या बेसला लागला तेव्हा पुन्हा पडला. उजव्या हाताच्या बॅटरला एवढं धावायला साधारण 4.3 सेकंद लागतात. “चार पॉइंट एक!” काका ओरडले. पोरगा मान खाली घालून डगआउटकडे निघाला होता. आउट झाल्याबद्दल आपलं इतकं कौतुक चालू आहे, याची त्याला कल्पना नव्हती. काकांनी वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि माझी कॉफी पिऊन टाकली.

काकांच्या पुढच्या रांगेत खरे स्काउट बसतात, रडार गन घेऊन. त्यांची पारख म्हणजे थेट आपल्याकडचं स्थळ बघणं. हाडापेराने कसा आहे, खांदे अजून भरतील का, बापाची उंची किती, वळण कसं, आणि सांगतात तेवढंच वय आहे ना! आपल्याकडे पत्रिकेत 36 गुण, इथे 20 ते 80 ची पट्टी. मारणं, लांब मारणं, धावणं, फेकणं, अडवणं अशा पाच गोष्टींना वेगवेगळे गुण. 50 म्हणजे मेजर लीगमधला चारचौघांसारखा, 80 म्हणजे लाखात एक. शिवाय प्रत्येक गुणाचे दोन भाग: आज किती आणि उद्या किती. या ‘उद्या’वरच सगळा बाजार चालतो.

ही पट्टी काकांनी घरी नेली आणि घोटाळा झाला. काकूंच्या थालीपिठाला “आज 55, उद्या 60” असे गुण पडले. काकू म्हणाल्या, “उद्याचं उद्या. आजचं पान उचला.” सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींबद्दल काका माझ्या कानात पुटपुटले, “आवाज 70, कंट्रोल 40.” मुलीने घरी आणलेल्या मुलाला मात्र त्यांनी गुण दिले नाहीत. “अजून दोन सीझन बघू दे,” एवढंच म्हणाले. लग्न झालं, नातू झाला; काकांचं बघणं अजून चालू आहे.

डबल-ए म्हणजे पोरखेळ नव्हे, हे नवख्याला पटवायचं झालं की काका मायकल जॉर्डनला बोलावतात. बास्केटबॉल सोडून तो 1994 साली बर्मिंगहॅम बॅरन्सकडून याच पायरीवर खेळला. सरासरी .202, होमरन तीन. “जगातला सगळ्यात मोठा खेळाडू, आणि इथे पार कंबरडं मोडलं,” असं सांगताना काकांचा चेहरा जॉर्डनला आपणच बाद केल्यासारखा होतो.

अंदाज चुकल्याची टोचणी काकांना नसते, कारण त्याची सोय करून ठेवलेली आहे. पोरगा अडखळला की ते ब्रायन टेलरचं नाव घेतात. 1991 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वाटणीत, यांकीजनी सगळ्यात आधी उचललेला पिचर, साडेपंधरा लाख डॉलर मोजलेला. भांडणात भावाच्या मदतीला धावला, खांदा गेला, मेजर लीगची पायरी कधी चढलाच नाही. “यांकीजचे चुकतात, मग माझं काय!” आणि काकांनी मोडीत काढलेला पोरगा चमकला की माइक पियात्सा. 1988 च्या ड्राफ्टमध्ये 62 व्या फेरीत, 1390 व्या नंबरवर त्याला घेतलं, तेही डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लासोर्डा यांची त्याच्या वडिलांशी दोस्ती होती म्हणून. हे वशिल्याचं तट्टू 2016 साली हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसलं. “तेव्हा कुणाला ओळखता आलं होतं?” काका विचारतात. एकूण काय, काका बरोबर असले तर नजर, चुकले तर इतिहास.

काकांचं खरं दुःख वेगळं आहे. यासोन डोमिंगेझ हा डोमिनिकन पोरगा 2019 साली, सोळाव्या वर्षी, यांकीजने 51 लाख डॉलर देऊन घेतला. 28 सप्टेंबर 2022 ला सॉमरसेटने ईरीचा 15-0 असा धुव्वा उडवून ईस्टर्न लीग जिंकली. ईरीला अख्ख्या सामन्यात एकही हिट मिळाला नाही आणि सॉमरसेटकडून खेळणाऱ्या डोमिंगेझने दोन होमरन मारले. काकांना यातलं काय लक्षात राहिलं? त्याने सोडलेला एक चेंडू. “एवढा मोह, आणि हात हलला नाही बघ!” पुढच्या वर्षी 1 सप्टेंबरला तो मेजर लीगमध्ये उतरला आणि पहिल्याच बॅटिंगला त्याने जस्टिन व्हरलँडरसारख्या दिग्गजाला होमरन ठोकला. मी काकांना अभिनंदनाचा फोन केला. पलीकडून सुस्कारा आला. “गेला रे. आता त्याला सगळेच बघणार.” थोड्याच दिवसांत त्याचा कोपर दुखावला आणि ऑपरेशन झालं. काका हळहळले, पण तो दुरुस्त होऊन खालच्या संघात खेळायला येणार म्हणताच वेळापत्रक काढून बसले.

या जमातीचे आद्य पुरुष म्हणजे पॉटकेटचे ते 19 जण. 18 एप्रिल 1981 च्या रात्री सुरू झालेला पॉटकेट आणि रॉचेस्टरचा मायनर लीगमधला सामना 32 इनिंग्ज होऊनही सुटेना, तेव्हा पहाटे 4 वाजून 7 मिनिटांनी थांबवला. स्टँडमध्ये उरले होते 19 प्रेक्षक. 23 जूनला उरलेला खेळ 18 मिनिटांत आटोपला. त्या सामन्यात वेड बॉग्ज आणि कॅल रिपकेन दोघेही होते आणि पुढे दोघेही हॉल ऑफ फेममध्ये गेले. रिपकेनला त्या सामन्यात 13 वेळा मारून दोनच हिट मिळाले. म्हणजे थंडीत काकडणाऱ्या 19 जणांपैकी एखाद्याने वहीत “याचं काही खरं नाही” असंही लिहिलं असेल. आपण तिथे नव्हतो याचं काकांना जेवढं वाईट वाटतं, तेवढं वानखेडेवर 2011 च्या फायनलला नसण्याचंही वाटत नाही.

काकांना हसणं सोपं आहे, पण त्यांच्या वह्या चाळल्या की हसू जरा आवरतं. त्यात डोमिंगेझचं एक पान आहे. बाकीची पानं कधीच वर न गेलेल्यांची. खेळाडू संघटनेशी झालेल्या 2023 च्या करारापूर्वी डबल-ए खेळाडूला वर्षाला 13,800 डॉलर मिळत. करारानंतर ते 30,250 झाले. लखपतीच्या शेजारी त्याच बाकावर बसून, त्याच बसने प्रवास करून, चार हंगामांनंतर ही पोरं गावी परततात आणि बॅट खाली ठेवून दुसरं काहीतरी करतात. त्यांच्यातला एखादा कुठल्याशा मंगळवारी पहिल्या बेसपर्यंत 4.1 सेकंदांत पोचला होता, हे आता कदाचित त्यालाही आठवत नसेल. काकांच्या वहीत ते दोन रेघांसकट आहे. अंदाज चुकला, नोंद चुकली नाही.

तेव्हा कधी त्या बाजूला गेलात तर ब्रिजवॉटरला उतरा; रॅरिटन व्हॅली लाइनचं स्टेशन मैदानाला लागूनच आहे. स्वेटर न्या, होम प्लेटच्या मागचं तिकीट काढा आणि शेजारच्या स्टॉपवॉचवाल्याला “कुणाकडे बघू?” एवढंच विचारा. शेवटच्या इनिंगपर्यंत तो तुम्हाला सोडणार नाही. स्कोअर मात्र विचारू नका. तो त्याला ठाऊक नसतो.