आत्याला न विचारता

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही. पण लिहायची वेळही कधी आली नव्हती. कानात कुर्रर्र करायचं, पाठीत बायकांचे धपाटे खायचे आणि नवी साडी घेऊन घरी यायचं. आता ऐका. हीच बाळं मिसरूड फुटायच्या आत मोबाइलमध्ये शिरतात आणि स्वतःचं दुसरं बारसं स्वतःच उरकतात. पाळणा नाही, घुगऱ्या नाहीत, आत्याला तर पत्ताच नाही. आणि नाव काय ठेवावं? ‘नूब का बाप’, म्हणजे नवशिक्यांचा बाप! अरे, तुला धड दाढी आलेली नाही, तू कुणाचा बाप?

हे सगळं चालतं बीजीएमआयमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या पबजीत. शंभरेक जण विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, बंदुका शोधतात, एकमेकांना उडवतात आणि शेवटी जो टिकेल त्याला ‘चिकन डिनर’. डिनर म्हणे! ताटात काहीच येत नाही, नुसतं पडद्यावर लिहून येतं.

मूळ दोष द्यायचा तर तो ब्रेंडन ग्रीन नावाच्या आयरिश गृहस्थांना द्यावा लागेल. दुसऱ्यांच्या खेळांत फेरफार करता करता त्यांनी ही शंभरांची मारामारी घडवली, आणि ते करताना त्यांचं टोपणनाव होतं ‘प्लेअरअननोन’. अज्ञात खेळाडू! २०१७ साली खेळ बाजारात आला तेव्हा या अज्ञातानं आपलं टोपणनाव थेट पाटीवर चढवलं. पबजीतली पहिली दोन इंग्रजी अक्षरं त्यांचीच. जिथे खेळाचंच बारसं टोपणनावानं झालं, तिथे पोरांना काय बोलणार?

बोलायचा मोह पंतप्रधानांनाही आवरला नाही. जानेवारी २०१९ मध्ये ‘परीक्षा पे चर्चा’त एका आईनं मुलगा ऑनलाइन खेळात अडकल्याचं गाऱ्हाणं मांडलं, तर त्यांनी लगेच विचारलं, हा पबजीवाला आहे का? म्हणजे बातमी दिल्लीपर्यंत पोचली होती. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं एका दमात ११८ अ‍ॅप बंद केली, त्यात पबजीही गेलं. पोरांनी सुतक पाळलं. आणि जुलै २०२१ मध्ये खुद्द खेळच नाव बदलून दारात हजर! ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’. रक्त हिरवं केलं, ‘किल’ म्हणायचं नाही तर ‘फिनिश’ म्हणायचं. मेलेला मेलाच; पण सोज्वळपणे मेला. मधे २०२२ मध्ये पुन्हा गायब होऊन २०२३ मध्ये परत आलं, तो भाग सोडा. इतक्यांदा घर सोडून परत येणारी माणसं आपल्या नात्यातही असतात.

तर नावं. ‘किलर’ हे नाव एकालाच मिळतं, आणि ते पहिल्याच दिवसांत कुणीतरी पटकावलेलं असतं. मग बाकीच्या हजारो किलरांनी करायचं काय? नटायचं. नावाच्या दोन्ही बाजूंना महिरपी लावायच्या. तुम्ही त्या पाहिल्या असतील. वेलबुट्टीच्या, वळणावळणाच्या, जणू आतमध्ये सत्यनारायणच मांडलाय. मला वाटायचं ही कंपनीची कलाकुसर. छे! ती जावा बेटावरच्या लिपीतली नक्षी निघाली. २००९ साली जावानीज लिपी युनिकोडमध्ये आली, तेव्हा ही चिन्हंही आली. लिपीच्या जाणकारांनी केवढी खटपट केली असेल, आणि तिचा लाभ कुणाला? चिंचवडच्या ‘भाई किलर ओपी’ला! यातली गंमत अशी की मुळात ही नक्षी शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना शोभेसाठीच असते. म्हणजे कार्ट्यानं नकळत का होईना, बरोबर जागी लावली. हे मला मुळीच आवडलेलं नाही.

जपानी ‘त्सु’ हे अक्षर हसऱ्या चेहऱ्यासारखं दिसतं, म्हणून ते शेपटीला. मग ‘ओपी’, म्हणजे याच्यापुढे कुणाचं चालत नाही. त्यापुढे ‘वायटी’, म्हणजे याचं यूट्यूब चॅनल आहे, ज्याचे प्रेक्षक दोन आणि त्यातली एक आई. काही महाभाग तर नावच ठेवत नाहीत. कोरियन लिपीत एक अक्षर आहे, जे जागा अडवतं पण दिसत नाही. ते टाकलं की नावाच्या जागी पोकळी. तुम्हाला कुणी मारलं? कुणीच नाही! दुसरे, इंग्रजीतली मोठी आय आणि छोटी एल एकाआड एक लावून दुकानातल्या बारकोडसारख्या उभ्या रेघा करतात. ही खोड ‘स्टारक्राफ्ट’ या खेळातल्या बड्या खेळाडूंची. त्यांना ओळख लपवायची असे. आमच्याकडे ती अशांनी उचललीय, ज्यांना कुणी शोधतच नाहीये.

आणि नाव फसलं तर? ‘रीनेम कार्ड’! एखादं खेळता खेळता फुकट मिळतं, पुढची विकत. म्हणजे बारशाला पैसे मोजतात, आणि ते कंपनीला. आत्याला मात्र साडी द्यायच्या वेळी कपाटातली, मागच्या दिवाळीत आलेली.

पण खरी चहाटळ नावं निराळीच. कोण कुणाला मारतंय याची ओळ पडद्याच्या कोपऱ्यात सतत सरकत असते. बिलंदर पोरं त्या ओळीवर डोळा ठेवून नाव निवडतात. कुणी ‘लाइट बिल’, कुणी ‘शेजारच्या काकू’, कुणी ‘आई बोलावतेय’. मग वाचायला मिळतं, ‘शेजारच्या काकू’नं ‘रणमर्द’ला तव्यानं संपवलं. हो, तवा आहे खेळात! चांगला दांड्याचा, पाठीला अडकवला तर बंदुकीच्या गोळ्या परतवणारा. घरात साधा तवा उचलून ठेवत नाहीत, तिथे पाठीवर वागवतात.

मी हे प्रकरण नीट पाहिलंय, म्हणून सांगते. ज्याचा नेम पक्का, त्याचं नाव आखूड असतं. नामांकित खेळाडू घ्या: ‘मॉर्टल’, ‘स्काउट’, संपलं. जोनाथन तर सरळ स्वतःच्या नावानं खेळतो, आत्याचा मान राखून. आमच्या मुंबईच्या सावंतांचा आदित्य ‘डायनॅमो’ झाला, ‘पट्ट से हेडशॉट’ म्हणत लाखोंना वेडं केलं, पण नाव आखूडच. उलट विमानातून उतरल्यावर दोन मिनिटांत मरणारा जो असतो ना, त्याचं नाव बघा. त्याला ठाऊक असतं, आपलं नाव त्या ओळीत येणार ते मारणाऱ्याच्या जागी नाही, मरणाऱ्याच्या. मग तो मरणाचीच कोटी करून ठेवतो. ‘आई बोलावतेय’ मेला तरी हशा त्याचाच. असल्या निर्लज्जपणाला मी मनातून दाद देते. बाहेर बोलू नका.

टोपणनावांवरचं माझं हे तोंडसुख ऐकून आमच्या भाच्यानं मला गप्प करायला राम गणेश गडकऱ्यांना मधे ओढलं. कवितेला ‘गोविंदाग्रज’, विनोदाला ‘बाळकराम’. “आत्या, त्यांचे तर दोन-दोन आयडी होते!” मी म्हटलं, मेल्या, जीभ आवर. तर म्हणतो, जयवंत दळवींनी ‘ललित’ मासिकात ‘ठणठणपाळ’ होऊन भल्याभल्यांना टिपलं, आणि चिं. त्र्यं. खानोलकर ‘आरती प्रभू’ झाले तेव्हा कुठे गेल्या होत्या सगळ्या आत्या? आता याला काय उत्तर देणार? अभ्यासाच्या पुस्तकातलं एवढं लक्षात राहिलं असतं तर मार्क तरी आले असते.

बरं, स्वतः घेतलेली नावं एकवेळ परवडली, दुसऱ्यांनी दिलेली नकोत. गवतात पालथा पडून सरपटत शेवटपर्यंत टिकणारा तो ‘साप’. कोपऱ्यात दबा धरून बसला तर ‘कॅम्पर’. नेम चुकला की ‘बॉट’, म्हणजे तू माणूसच नव्हेस, कंपनीनं जागा भरायला पाठवलेलं यंत्र आहेस. नावाला कितीही महिरपी लावा, ही पदवी चिकटली की कुठलंही कार्ड चालत नाही.

आणि ‘पापा की परी’? तिची तर कमाल. हे नाव दिसलं की टोळीतले तिघे एकदम सज्जन होतात. कुणी औषधाची पेटी टाकतो, कुणी डोक्यावरचं लेव्हल थ्री हेल्मेट काढून देतो, कुणी तिच्यापुढे उभं राहून गोळ्या झेलतो. भाच्याच्या टोळीत परवा अशीच एक परी आली होती. हेल्मेट घेतलं, औषधं घेतली, गाडीत पुढची जागाही घेतली. मग माइक सुरू झाला आणि आतून घोगरा आवाज आला, “भावांनो, गोळ्या संपल्यात रे, टाका की कुणीतरी.”