वेगळी चूल

"यंदा भाऊ दाखवायचा, की नवी प्रणाली घ्यायची?" आमचे सीए दर जुलैत हा प्रश्न चहात साखर किती, अशा सुरात विचारतात.

माझा धाकटा अठ्ठेचाळीस वर्षांचा. बौद्धिक अक्षमता, दाखल्यावर ७५ टक्के. आयकराच्या कलम ८०डीडीला असा भाऊ चालतो. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि पोटाला माझ्यावर अवलंबून, की उत्पन्नातून ७५,००० रुपयांची वजावट. प्रत्यक्ष खर्च कमी झाला की जास्त, याच्याशी आकड्याला घेणंदेणं नाही. दाखल्यावर ८० टक्के असते तर १,२५,०००. "थोडक्यात हुकलं हो!" सीए हळहळले होते, जणू मेडिकलची सीट गेली. सख्खा भाऊ चालतो, आत्या नाही. ती जन्मभर तुमच्याच घरात जेवली तरी या कलमापुरती पाहुणीच.

अर्थात हे लाड जुन्या प्रणालीतले. २०२३-२४ पासून काही न सांगता लागू होते ती नवी, आणि तिच्यात भाऊच नाही. तिथे पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट मात्र आहे. आकडा तोच, पण भाऊ सांभाळल्याचा नव्हे, पगार घेतल्याचा.

आता तहसील कचेरी. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांना महिना १,५०० मिळायचे, त्याचे २,५०० झाले. अट एवढीच, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ५०,००० च्या आत हवं. म्हणजे महिन्याला चार हजार आणि वर थोडी चिल्लर, अख्ख्या घराची. आयकराकडे मी याचा आधार आहे असं सही करून सांगायचं, आणि रस्ता ओलांडून इथे आलं की तोच निराधार. ८०डीडीचं या २,५०० शी भांडण नाही. तेवढ्यात माणूस जगतो असं आयकरवालेही म्हणायचे नाहीत. भांडण आहे माझ्या पगाराशी.

कचेरीबाहेर झेरॉक्सच्या टपरीवर एक एजंट बसतो. माझं ऐकून घेताना त्याचा स्टेपलर थांबला नाही. "साहेब, रेशनकार्ड फोडा. भावाचं वेगळं काढा. वेगळी चूल दाखवली की उत्पन्न शून्य. हाय काय त्यात!"

ज्याने एकदा दूध तापवायला ठेवून स्वयंपाकघराचा पडदा पेटवला, त्याच्या नावाने चूल. आमच्याकडे आजही झोपण्यापूर्वी सिलिंडरचा नॉब बंद करून लायटर कपाटात कुलपात जातो. बायकोने तीस वर्षांत ही ड्यूटी एक रात्र चुकवलेली नाही. तिच्यासाठी कुठलं कलम, ते सीएंना विचारायचं राहिलंय.

धाकटा शेजारीच उभा होता, फोटोचं पाकीट दोन्ही हातांनी छातीशी धरून. चूल शब्द त्याला बरोबर कळला.

"मग वरण कोण करणार?" त्याने एजंटाला विचारलं.

"ते फॉर्मात विचारत नाहीत," एजंट म्हणाला आणि पुढच्याचे कागद घेतले.