एक, दोन, दोन्ही, बंद

मिशिगनमध्ये मोटारींच्या धंद्यावर पोट भरणाऱ्या मराठी इंजिनिअरांत एक जात अशी आहे, की घराचे हप्ते फिटले, मुलं कॉलेजला गेली की तिला पन्नाशीच्या सुमाराला अचानक पाण्याची ओढ लागते. या माणसाचं बालपण सातारला नाहीतर अकोल्याला गेलेलं असतं. बोट त्याने पाहिलेली असते ती शाळेच्या सहलीत, भाऊच्या धक्क्यावर. पण डेट्रॉईटच्या उशाशी लेक सेंट क्लेअर पसरलेलं आहे, चांगलं ४३० चौरस मैलांचं. आणि शेजारचा म्हातारा फ्लोरिडाला कायमचा निघताना आपली बावीस फुटी बोट जवळजवळ फुकटात काढतो. इथपर्यंत आपला माणूस चारचौघांसारखाच असतो. तो दुसऱ्या बॅटरीचा होतो तो पहिल्या उन्हाळ्यानंतर.

त्याचं असं होतं. त्याच तलावातल्या मस्कमूट बेमध्ये नांगर टाकलेला असतो. पाणी कमरेएवढं, आजूबाजूला पन्नास बोटी. गाणी चालू, फ्रिज चालू, मासे दाखवणारं यंत्रही चालू, जरी बोटीवरच्या कोणालाही गळ धरता येत नसला तरी. संध्याकाळी परत निघायला किल्ली फिरवावी तर इंजिन नुसतं ‘टक्’ म्हणतं. मग टोइंगवाल्याला बोलवावं लागतं. पैशांचं दुःख नसतं, टोइंगचं सभासदत्व त्याने बोट घेतली त्याच दिवशी घेतलेलं असतं. दुःख याचं असतं, की ज्याने उभी हयात मोटारींच्या वायरिंगमध्ये काढली, त्याला एक मिसरूड फुटलेला पोरगा दोरीला बांधून सगळ्यांच्या देखत ओढत नेतो आणि वर विचारतो, “रेडिओ चालू राहिला होता का?”

तो राहिलेला असतो.

मग गणपतीनंतर, दिवाळीत, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, जिथे म्हणून दोन माणसं हातात बशी घेऊन अडकलेली असतील तिथे हा त्यांना गाठतो. “हे बघा,” तो म्हणतो, “बोटीवर एकत्र कुटुंब चालत नाही. घर फुटलंच पाहिजे.” बायका दचकून बघतात. त्याचं म्हणणं असं, की इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीत पातळ पत्र्यांची गर्दी असते. ती दोन सेकंदांत काहीशे अँपिअर देते आणि गप्प बसते. हा धाकटा, एकदाच ताकद लावणारा. फ्रिज आणि दिवे चालवणारी बॅटरी जाड पत्र्यांची. ती चार-पाच अँपिअर तासन्‌तास देत राहते, तरी तिलाही निम्म्याच्या खाली उपसू नये. हा थोरला. दोघांची चूल एक ठेवली तर थोरल्याचा संसार धाकट्याला खातो. म्हणून चुली दोन करायच्या. कमावता बाप मात्र एकच, अल्टरनेटर. मध्ये एक रिले बसवायचा. इंजिन चालू झालं आणि व्होल्टेज तेराच्या पुढे चढलं की तो दोघांमधलं दार उघडतो, इंजिन थांबून व्होल्टेज उतरलं की आपण होऊन लावून घेतो. हे ऐकून एक वहिनी म्हणाल्या होत्या, “हा रिले आमच्या सासरी कोणी बसवला नाही.”

हे काम मेकॅनिककडून करून घेता येतं. तासाला शंभर डॉलरच्या वर घेतात. हा आकडा तो इतक्या वेळा सांगतो, की शेवटी त्याच्या बायकोलाही त्या मेकॅनिकबद्दल आदर वाटू लागतो. “शंभर डॉलर! त्यात काय आहे? चार वायरी तर आहेत.”

त्या चार वायरी म्हणजेच त्याचा हिवाळा.

दुसरी बॅटरी पंचवीस-सव्वीस किलोची. ती मागे पहिलीच्या शेजारी ठेवली तर बोटीचा मागचा भाग दबतो, म्हणून पुढे ठेवायची. पुढे ठेवली की वायर लांबते, आणि जाणारी आणि येणारी अशी दोन्ही लांबी धरायची असते. वायर लांबली की व्होल्टेज गळतं. महत्त्वाच्या वायरीत गळती तीन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. बारा व्होल्टचे तीन टक्के म्हणजे पॉइंट छत्तीस. म्हणून वायर जाड हवी. अमेरिकेत वायरीचा नंबर जितका लहान तितकी ती जाड. हा सहा नंबरावरून चारवर येतो, चारवरून दोनवर, दोनवरून शून्यावर. आणि शून्याच्याही खाली जाता येतं हे कळतं त्या रात्री त्याला झोप लागत नाही. वायर साध्या तांब्याची नाही, कल्हई केलेली हवी, दमट हवेत साधं तांबं हिरवं पडतं. मोटारीची वायर कोणी बोटीत घातलेली पाहिली तर त्याचा चेहरा श्राद्धाला कांदा पाहिल्यासारखा होतो.

यातलं बरंचसं ‘अमेरिकन बोट अँड यॉट काउन्सिल’ने लिहून ठेवलेलं आहे. या संस्थेचे नियम ऐच्छिक आहेत. त्यामुळेच तो ते पाळतो. रस्त्यावरची वेगमर्यादा सक्तीची आहे, तिच्याबद्दल त्याचं मत वेगळं आहे. फ्यूज शक्यतो बॅटरीपासून सात इंचांच्या आत. तो पट्टी लावून साडेसहावर बसवतो. बॅटरी कुठल्याही बाजूला इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. सुट्टीला आलेल्या मुलाला तो ती हिसडून पाहायला लावतो, आणि ती हलली नाही की मुलगा इंजिनिअरिंगला गेला नाही हेही त्याला त्या क्षणी माफ असतं. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचते, म्हणून तिथला स्विच ठिणगी बाहेर न सोडणारा हवा. आणि बिल्ज पंपाची वायर मुख्य स्विचच्या आधीच घ्यायची, म्हणजे सगळं बंद करून घरी गेलं तरी तळाशी शिरलेलं पाणी उपसलं जातं. इथे मात्र मला त्याचं हसू येत नाही. बोटीला आग का लागते आणि ती धक्क्याला बांधल्या बांधल्या का बुडते, हे त्याला पुरतं ठाऊक असतं.

काम करायचं कुठे, तर पांढऱ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून दारात उभ्या केलेल्या बोटीत, पालथं पडून, डोकं कप्प्यात आणि पाय मिशिगनच्या थंडीत. त्याच्याइतकेच हाल टॉर्च धरणाऱ्याचे. ते काम बायकोकडे असतं. “नीट धर ना!” “कुठे धरू?” “मी बघतोय तिथे!” तो कुठे बघतोय हे त्याच्या पायांवरून ओळखायचं असतं. त्या सुमाराला कोणी सहज भेटायला गेलं तर चहाच्या आधी त्याच्या हातात टॉर्च येतो.

वायरीचं टोक दाबून बसवायला त्याने हायड्रॉलिक दाबयंत्र घेतलेलं असतं. शिवाय क्लॅम्प मीटर, हीट गन आणि नावांच्या चिठ्ठ्या छापणारं यंत्र. या शेवटच्या यंत्राने तो वायरींबरोबर स्वयंपाकघरातल्या डब्यांनाही नावं देतो. हिशेब विचारलात तर तो म्हणतो, “चारशे डॉलरमध्ये झालं.” हत्यारं त्यात नसतात. हत्यारं कायमची असतात, ती धरायची नसतात.

मे महिन्यात बोट पाण्यात उतरते. मस्कमूट बेमध्ये तो मुद्दाम फ्रिज, दिवे, गाणी सगळं लावतो आणि संध्याकाळची वाट बघतो. पाहुण्यांना पोहायचं असतं; त्याला इंजिन सुरू करून दाखवायचं असतं. आणि नेमक्या त्या दिवशी कोणीतरी हौशी मेहुणा ‘एक, दोन, दोन्ही, बंद’ असं लिहिलेला बॅटऱ्यांचा लाल मुख्य स्विच ‘दोन्ही’वर फिरवून ठेवतो, दोनपेक्षा दोन्ही बरं म्हणून. संध्याकाळी दोन्ही बॅटऱ्या मिळून एकच ‘टक्’ करतात. टोइंगचा तोच पोरगा येतो. या वेळी तो रेडिओचं विचारत नाही, नुसता हसतो.

त्याच रात्री तिसऱ्या बॅटरीची आकृती कागदावर उतरते.

एवढं असूनही तुमच्या ओळखीत असा कोणी असेल आणि त्याने बोलावलं, तर बेलाशक जा. त्या तलावावर त्याच्या बोटीइतकी नीट बांधलेली बोट दुसरी मिळणार नाही. तो इंजिनाआधी पेट्रोलची वाफ काढायला चार मिनिटं पंखा चालवेल, तेवढं गप्प बसा. फक्त लाल स्विचला हात लावू नका. आणि इंजिन चालू असताना तर तो चुकूनही ‘बंद’वर नेऊ नका, अल्टरनेटरचे डायोड जळतात.